नावड्यातली दोन ताटं

प्रवासाला निघताना बरोबर काय न्यावं हे सांगणारे लेख मी आवडीने वाचते आणि दरवेळी चिडते, कारण त्यांत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई कधीच नसते. गेल्या जानेवारीत आम्ही मंगळवेढ्याहून नवी मुंबईला गेलो तेव्हा माझ्या बॅगेत सगळ्यांत खाली ती होती आणि तिच्यावर बाकीचा संसार रचलेला होता: अळिवाच्या लाडवांचे दोन डबे, काळा खजूर, मनुके, गूळ, नाचणीचं सत्त्व, बिटाची पावडर आणि ज्वारीचं पीठ. पीठ आणि कढई सोडली तर बाकी सगळं नातेवाइकांनी दिलेलं. भावाला रक्त कमी आहे असं कळल्यापासून घरी जो येई तो रक्त वाढवणारं काहीतरी घेऊन येई, आणि मी ते नावासह वहीत टिपून ठेवत असे.

वही नोकरीतून आली. मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. एकशेवीस मुलींची जेवणं, आजारपणं आणि भांडणं यांच्या याद्या केल्या नाहीत, तर तिसऱ्या दिवशी वसतिगृह माझ्या अंगावर पडेल. माझा धाकटा भाऊ अविनाश मात्र म्हणतो की याद्या आधी आल्या आणि नोकरी मागून. लहानपणी त्याचे पडलेले दुधाचे दात मी तारीखवार लिहून ठेवले होते, हा त्याचा पुरावा.

अवी सरकारी मोजणीदार आहे. बांधावरच्या भांडणांत उभं राहून उन्हात जमिनी मोजणारा हा माणूस दीड वर्षापूर्वी जिना चढताना मध्येच बसायला लागला. अंगावर विनाकारण काळेनिळे डाग दिसू लागले. तपासण्यांत कळलं की हाडांच्या आतल्या मगजाने रक्त करणंच सोडून दिलंय. तेव्हापासून दर दहा-पंधरा दिवसांनी सोलापूरला जाऊन रक्ताची पिशवी चढवायची. कायमचा उपाय एकच होता: सख्ख्या भावंडाच्या रक्तातल्या मूळ पेशी घ्यायच्या आणि त्याच्या अंगात पेरायच्या. रुजल्या तर तो वाचला. माझ्या पेशी तपासल्या, त्या पूर्ण जुळल्या.

"चव्वेचाळीस वर्षांत आपलं पहिल्यांदाच काहीतरी जुळलं," अवी म्हणाला.

त्याची बायको शुभांगी मुलीची बारावीची परीक्षा होईपर्यंत गावीच थांबणार होती. तोवर त्याला खाऊ घालणं, जपणं आणि वेळ आली की पेशी देणं ही तिन्ही कामं माझ्याकडे. यादी मोठी नव्हती.

नावडे

इस्पितळाच्या जवळ राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून नावड्यात एक खोली घेतली. इथे प्रवाशाला दाखवावं असं काही नाही. एका बाजूला तळोज्याचे कारखाने, दुसऱ्या बाजूला कॉलनीच्या इमारती, मध्ये जुनं गाव, आणि गावातल्या घरांवर चढलेले तीन-तीन मजले. आमची घरमालकीण हिराबाई अशाच एका घराच्या तळमजल्यावर राहते. आमची खोली वरच्या मजल्यावर. हे घर उभं आहे त्या जागी पूर्वी तिच्या सासऱ्याचं भाताचं शेत होतं. ती पासष्टीची, नाकात मोठी नथनी, आणि प्रश्न विचारण्यात कोणत्याही सरकारी फॉर्मपेक्षा पक्की.

"कनची गो बाय तू?"

"मंगळवेढ्याची. सोलापूरकडे."

"तिकडं पानी नाय म्हनतात."

"आता आहे थोडंफार."

"आमच्याकडं पानी लय. पन खारा." मग अवीकडे बघून, "याला काय झाला?"

मी सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "रक्त नाय ना? मंग मासली खावाला पायजे. तुमी जवारी खाता, म्हनून झाला."

आमच्याकडे ज्वारीबद्दल असं कुणी बोललं तर बोलणं वाढतं. मंगळवेढ्याची ज्वारी हा आमच्या तालुक्याचा सगळ्यात मोठा अभिमान आहे. पण भाडेकरार व्हायचा होता, म्हणून मी गप्प बसले. अवी मात्र म्हणाला, "बरोबर आहे मावशी. मी हिला लै दिवस सांगतोय."

इस्पितळ

दुसऱ्या दिवशी सकाळी आहारतज्ज्ञांची वेळ होती. मृणाल मॅडम म्हणून एक मुलगी. मुलगीच म्हणते, कारण माझ्या वसतिगृहातून बाहेर पडून पाच-सहा वर्षं झालेली वाटावी एवढीच होती. मी तिच्यापुढे अवीच्या आहाराची यादी ठेवली. दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

"हे सगळं पेशंटसाठी?"

"हो. वेळा मागच्या पानावर आहेत."

"छान केलंय," ती म्हणाली आणि तिने लाल पेन उघडलं. अळीव गेले. खजूर गेला. मनुके, गूळ, बीट, नाचणी ओळीने गेले. दहावीचा पेपर तपासताना परीक्षक जसा एखादं उत्तर पूर्ण न वाचता पुढे जातो, तशी ती जात होती.

"स्वयंपाक कशात करता?"

"बिडाच्या कढईत," मी म्हणाले. निदान इथे गुण मिळतील अशी माझी खात्री होती.

पेन थांबलं. "ती कढई परत पाठवता येईल का?"

मग तिने समजावून सांगितलं, आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या सगळ्या गावाने जी चूक केली ती दुसऱ्या गावाने करू नये. अवीला लोखंड कमी पडून रक्त कमी झालेलं नव्हतं. रक्त करणारा कारखानाच बंद होता. कच्चा माल गोदामात पडून होता. वर दर पिशवीबरोबर आणखी लोखंड येत होतं. आणि शरीराला लोखंड आत घ्यायची सोय आहे, बाहेर टाकायची जवळजवळ नाही. ते यकृतात साचतं, हृदयात साचतं, जंतूंनाही ते मानवतं, आणि पेशी पेरायच्या वेळी घात करतं.

"म्हणजे आम्ही सहा महिने..." मी म्हणाले.

"प्रेमाने केलंत," ती म्हणाली. माझ्या मते मी मुलींना अशा वेळी जे बोलते त्यापेक्षा हे बरंच सौम्य होतं.

"मॅडम," अवीने विचारलं, "भंगारवाला मला काय भावाने घेईल?"

त्याला वजन टिकवायचं होतं. डाळी, उकडलेलं अंडं, उकळलेल्या दुधाचं घरी केलेलं पनीर. सगळं शिजलेलं, सगळं ताजं, कच्ची कोथिंबीरसुद्धा नाही. फळ खायचं तर केळं किंवा संत्रं, जाड सालीचं, आणि ते धुऊन मी सोलायचं. शेवटी ती म्हणाली, "जेवणाबरोबर चहा घेतलात तरी माझी हरकत नाही. चहामुळे लोखंड अंगात कमी मुरतं."

अवीला चहा आवडत नाही. माझं उलट आहे: सकाळपासून रात्रीपर्यंत माझा चहा कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो हे वसतिगृहात कुणालाच सांगता येत नाही. मला त्या वाक्यात माझ्यासाठी काही धोका दिसला नाही.

तो धोका दुपारी दिसला. पेशी देणाऱ्याचीही तपासणी असते. डॉक्टर वयस्क, शांत, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी माझा कागद एकदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, परत कागद पाहिला.

"दाता तुम्ही ना?"

"हो."

"हिमोग्लोबिन साडेआठ आहे. जिना चढताना धाप लागते?"

"लागते."

"कधीपासून?"

"वसतिगृहाला दुसरा मजला झाल्यापासून."

अवी खोकला. डॉक्टरांनी पाळीचं विचारलं. दोन वर्षं जास्तच जात होतं. उपास? सोमवार, गुरुवार, चतुर्थी. चहा? मी आकडा निम्मा करून सांगितला, तरी त्यांनी भुवया उंचावल्या. लोहाची गोळी कधी घेतली आहे का?

याचं उत्तर देताना मला जमिनीकडे बघावं लागलं. चौदा वर्षं दर सोमवारी मी मुलींना रांगेत उभं करून लोहाची निळी गोळी देते. माझ्यासमोर गिळायची, मग तोंड उघडून दाखवायचं, जीभ उचलायची. एकशेवीस नावांची नोंदवही आहे, एकही सोमवार सुटलेला नाही. तिच्यात माझं नाव नव्हतं, म्हणून मी कधी घेतली नाही.

"तुमच्या रक्तातून पेशी काढायच्या तर आधी तुमच्याकडे रक्त हवं," डॉक्टर म्हणाले. "महिनाभर पुढे ढकलू. मात्र या महिन्यात यांना ताप येता कामा नये. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. साधा जंतू शिरला तरी..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मी वहीत लिहिलं, "ताप नको," आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. ज्या माणसाला वाचवायला मी आले होते, तो माझ्यामुळे थांबून राहिला होता.

पुन्हा नावडे

त्या संध्याकाळपासून आमच्या खोलीत दोन ताटं सुरू झाली. भिंतीवर दोन याद्या चिकटवल्या. जे त्याला वर्ज्य ते मला सक्तीचं, आणि जे मला वर्ज्य ते त्याला चालणारं. कढई माझी झाली. अळिवाचे लाडू माझे. आत्याबाईंनी अवीसाठी म्हणून दिलेला खजूर मी बसून खायचे आणि अवी समोर चहाचा कप धरून बसायचा. चहा न आवडणारा माणूस इतका सावकाश चहा पिऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"फुर्रर्र आवाज कशाला काढतोस?"

"गरम आहे ना. तुला लिंबू पिळून देऊ का पालकावर? मॅडम म्हणाल्यात लिंबाने लोखंड चांगलं मुरतं."

हिराबाईला या दोन ताटांचा अर्थ लागायला वेळ लागला, पण लागल्यावर तिने माझ्यावर लक्ष केंद्रित केलं. तिचं माहेर खाडीकाठच्या सारसोळ्याचं. तिथून तिचा भाऊ शिवल्या घेऊन आला. शिवल्या म्हणजे खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या. प्रत्येकीत करंगळीच्या नखाएवढं मांस. मी फोनवरून मृणाल मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "शिवल्या? फारच छान. तुम्हाला. त्यांच्या भांड्यांजवळसुद्धा आणू नका."

म्हणून जेवण तळमजल्यावर. आमच्याकडे मटण होतं, मासे क्वचित, आणि तेही नदीचे. समुद्राचं काही खाण्याचा प्रसंग पन्नाशीला आलेल्या माझ्यावर पहिल्यांदाच येत होता. ताटात खोबऱ्याच्या वाटणातला लालसर रस्सा, शिंपल्यांचा ढीग आणि तांदळाची भाकरी. आमची भाकरी चुरून खायची असते. ही रुमालासारखी घडी घालून ठेवता येते. मी पहिली शिंपली चमच्याने उघडायला गेले.

"अगो, ती काय औषधाची बाटली हाय? तोंडाला लाव नि ओढ!"

मी ओढलं. रस्सा हनुवटीवरून कोपरापर्यंत गेला. चव मात्र अशी होती की मी पुढच्या शिंपलीला हात घातला तेव्हा वही वर राहिलीय हे माझ्या लक्षातही नव्हतं. हिराबाई शिंपल्या मोजत नव्हती आणि मीही.

"भावाला का नाय देत?" तिने जरा दुखावून विचारलं.

"त्याला लोखंड जास्त झालंय."

"आनि तुला कमी. एका आईची ना तुमी?"

"हो."

"वाटनी नीट नाय झाली," हिराबाई म्हणाली आणि आणखी रस्सा वाढला.

आता लाज वाटणारा भाग. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. मुलींना मी वर्षानुवर्षं सांगत आले की काही होत नाही. होतं. पोटात मळमळतं, तोंडाला गंज चढल्यासारखं वाटतं, आणि सकाळी जे होतं ते मी प्रवासवर्णनात लिहीत नाही. तिसऱ्या दिवसापासून मी गोळी "नंतर घेऊ" म्हणून पदराच्या टोकाला बांधू लागले आणि रात्री गुपचूप परत पाकिटात टाकू लागले. हीच युक्ती मी एका मुलीची पकडली होती आणि तिच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. शिवाय रोज सकाळी भाजी आणायला गेले की नाक्यावरच्या टपरीवर एक कटिंग. मग दोन.

दहा दिवसांनी रक्त तपासलं. साडेआठाचं आठ पूर्णांक सात झालं होतं.

डॉक्टरांना कोडं पडलं. "गोळ्या नियमित?"

"नियमित," मी म्हणाले.

इस्पितळाच्या बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघताना मास्कच्या आडून अवी म्हणाला, "ताई, पाकिटात आठ गोळ्या जास्त आहेत. मी मोजल्या."

"पोट बिघडतं रे."

"आणि टपरीवाला खालून जाताना मला विचारत होता, मॅडम आज आल्या नाहीत का म्हणून. मी खिडकीत होतो." तो हसत नव्हता. "मला ताप आला तर तू वहीत काय लिहिणार आहेस?"

रिक्षा आली. आम्ही बसलो. नावड्यापर्यंत मी रस्त्याकडे बघत होते आणि एकही पाटी वाचल्याचं मला आठवत नाही. खोलीत शिरायच्या आधी मी डॉक्टरांना फोन केला आणि खरं सांगितलं. आठ गोळ्या, चौदा कटिंग. मग ते म्हणाले, "उद्या या. सलाईनमधून लोखंड देऊ. ते पदराला बांधता येत नाही."

पदराचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. बहुधा मी पहिली नव्हते.

सलाईन दोनदा झालं. चहा खरोखर बंद झाला; चार दिवस डोकं दुखलं आणि पाचव्या दिवशी हिराबाईशी उगाच भांडण झालं. सलाईनबरोबर जीवनसत्त्वांच्या गोळ्याही दिल्या होत्या, आणि त्यांचा ताबा अवीने घेतला. रोज जेवण झालं की तो समोर उभा राहायचा.

"आ कर. जीभ वर. डावीकडे. मावशी, तुम्ही पण बघा, दोघांच्या सह्या लागतात."

हिराबाई वाकून माझ्या तोंडात बघायची. "गेली बगा पोटात."

तिसऱ्या आठवड्यात एकदा दुपारी मी अवीचा ताप मोजला तर पारा एकशे एकला. अशा वेळी काय करायचं त्याची यादी तयार होती, बॅग भरलेली होती, आणि तरी मी त्याच्या चपलांऐवजी हिराबाईच्या चपला घेऊन रिक्षात बसले. रस्ताभर तो मागे डोकं टेकून डोळे मिटून होता, आणि मी त्याच्या कपाळाला हात लावायला घाबरत होते. इस्पितळात नर्सने परत मोजला. अठ्ठ्याण्णव.

"घरी मोजायच्या आधी काही गरम प्यायले होते का?"

अवीने डोळे उघडले. "चहा," तो म्हणाला. "पूर्ण कप. हिच्यासमोर."

काचेमागे

फेब्रुवारीच्या मध्याला माझं हिमोग्लोबिन पावणेअकरा झालं. डॉक्टर म्हणाले, "चालेल." एवढ्या छोट्या शेऱ्यासाठी मी आयुष्यात एवढा अभ्यास केलेला नाही.

अवी आतल्या वेगळ्या खोलीत गेला. जुना, बंद पडलेला मगज औषधांनी साफ करायला घेतला. इकडे मला पाच दिवस इंजेक्शनं, ज्यांनी हाडं अशी ठणकली की जणू मजूर आतून सामान हलवत आहेत. मग एक दिवस यंत्राला जोडून साडेचार तास. एका हातातून रक्त निघतं, यंत्र त्यातल्या पेशी वेचतं, बाकीचं दुसऱ्या हातात परत. ओठांना मुंग्या आल्या. नर्स म्हणाली, कॅल्शियम उतरतंय, आणि तिने कॅल्शियम चढवलं. मी विचारलं, आणखी काय काय कमी आहे माझ्यात, एकदाच यादी द्या. शेवटी जी पिशवी भरली ती पातळ टोमॅटो सूपसारखी दिसत होती आणि पाव लिटरही नसावी. सगळा महिना तेवढ्यासाठी होता. त्याच संध्याकाळी ती अवीच्या अंगात गेली. मी काचेबाहेर उभी होते. तो पिशवीकडे बोट दाखवून ओठांनी विचारत होता: खजुराइतकी गोड आहे का?

पुढचे दिवस विनोदाचे नव्हते. त्याच्या रक्तातले आकडे शून्याला टेकले. तोंड आतून सोललं गेलं. पाणी गिळतानाही त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. इस्पितळाचं जेवण परत जायचं. मृणाल मॅडम रोज वजन लिहायच्या आणि रोज ते कमी असायचं. "आतड्यांना काहीतरी मिळत राहायला हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर त्यांचं अस्तर झिजतं, तिथून जंतू रक्तात जातात. आणखी दोन दिवस बघू, मग नाकातून नळी घालू."

"घरचं काही चालेल?"

"कुकरमध्ये शिजलेलं, आणि झाकण न उघडता इथपर्यंत आणायचं. उघडायचं ते इथल्या पॅन्ट्रीत."

मी ज्वारीच्या कण्या करायचं ठरवलं. भरडलेली ज्वारी, पाणी, मीठ, जरा तूप. आमच्याकडे आजाऱ्याला आणि लहान पोराला देतात तेच. नावड्यात भरड मिळेना. खांदेश्वरला एका गिरणीत ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून दिली आणि गिरणीवाल्याला समोर उभं राहून जातं पुसायला लावलं. तिसरी शिट्टी झाली, वाफ बसली, कुकर टॉवेलात गुंडाळून मी मेट्रो गाठली. तपासणीच्या यंत्रातून कुकर गेला तसा यंत्रापुढचा जवान उठून उभा राहिला.

"मॅडम, इसमें क्या है?"

"कण्या है."

"क्या?"

"ज्वारी का... तुकडा. पेशंट का खाना है."

"खोलिए."

"नहीं खुलेगा. खोलेगा तो फेंकना पडेगा."

हे ऐकून त्याचा संशय वाढला. मागे रांग वाढली. मी फाईल काढली, मॅडमची चिठ्ठी काढली, सूचना क्रमांक चार दाखवला. जवानाने वरिष्ठांना बोलावलं. त्या आल्या, पन्नाशीच्या, छातीवर मराठी आडनाव. त्यांनी कुकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कण्या म्हणालात? दूध घालून की ताक घालून?"

"नुसत्या. तोंड आलंय त्याला."

"तूप?"

"अर्धा चमचा."

"जाऊ द्या त्यांना," त्या जवानाला म्हणाल्या.

त्या दिवशी अवीने चार चमचे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सहा. मी वहीत चमचे लिहू लागले, कारण लिहिण्यासारखं दुसरं काहीच वर जात नव्हतं. नळी घातली गेली नाही. माझ्या कण्यांनी त्याला वाचवलं असं मी म्हणणार नाही. मृणाल मॅडमनेही तसं म्हणू दिलं नसतं. त्यांच्या मते कण्यांनी फक्त आतड्यांना कामाला लावून ठेवलं. सतराव्या दिवशी सकाळी पांढऱ्या पेशींचा आकडा शून्यावरून हलला. एकोणिसाव्या दिवशी आणखी. डॉक्टर काचेबाहेर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रुजलंय."

परीक्षा संपताच शुभांगी आली. तिने आपल्या नवऱ्याकडे काचेतून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, तुमचे गाल लाल दिसतायत." मे महिन्यात आम्ही सगळे घरी गेलो. हिराबाईने निघताना सुक्या शिवल्यांची पुडी दिली आणि बजावलं की ती माझ्यासाठी आहे, कुणाला वाटायची नाही.

नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं पुन्हा नवी मुंबईला जाऊन आलो. एका दिवसाचं काम. अवीचं हिमोग्लोबिन चौदा. जूनपासून त्याला एकही पिशवी लागलेली नाही. जमिनी मोजायला तो अजून जात नाही, पण कार्यालयात बसून दुसऱ्यांच्या मोजणीत चुका काढतो.

डॉक्टर खूश होते. मग म्हणाले, "आता साचलेलं लोखंड काढू. यकृतात अजून बरंच आहे."

"गोळ्या?" मी विचारलं.

"सोपा उपाय आहे. रक्त काढायचं. महिन्याला एक पिशवी. नवीन रक्त करायला शरीर तेच साचलेलं लोखंड वापरेल. मगज इतका चांगला चाललाय की हे परवडतं."

मी दोनदा विचारून खात्री केली. अवी खाटेवर आडवा झाला. सुई लागली. जूनच्या आधी वर्षभर या माणसाच्या अंगात पिशवीतून रक्त जाताना मी पाहत होते. आता ते नळीतून उलट्या दिशेने, गडद, दाट, घाईने बाहेर येत होतं. पिशवी भरत चालली. मी नर्सला विचारलं, ही कुणाला देणार?

"कुणालाच नाही, मॅडम. पेशंटचं रक्त चालत नाही. टाकून देतो."

"टाकून?"

सोलापुरात एका पिशवीसाठी मी ज्यांना ज्यांना फोन केले होते त्यांची नावं मला पाठ आहेत. अवीच्या कार्यालयातले लोक रक्त द्यायला पाळीपाळीने येऊन झोपायचे. एकदा शिपाई रजा टाकून आला होता. आणि हे रक्त तर, खरं बोलायचं तर, माझ्या पेशींनी केलेलं. मी स्वतः अजून रात्री जेवल्यावर गोळी घेते. मी नर्सला सांगायला लागले की वसतिगृहात मी पोळीचा तुकडासुद्धा वाया जाऊ देत नाही, आणि ही भरलेली पिशवी...

अवीने मोकळ्या हाताने माझा हात धरला. पिशवी भरली होती. नर्सने ती बंद केली आणि उचलून नेली.

"जाऊ दे गं ताई," तो म्हणाला. "घरचं आहे. परत होईल."